असोद्याची भूक

टाकीतल्या रोहूनं कणकेची गोळी तोंडात घेतली, क्षणभर गालात धरली आणि अलगद बाहेर सोडून दिली. झालं एवढंच. पण ज्ञानचंदच्या हातातली पेन्सिल खाली पडली, टेबलाखाली घरंगळत गेली, आणि ती उचलायचं त्याला सुचलंच नाही. धुळ्याच्या कॉलेजातली ती मागची खोली, हवेच्या पंपाची गुरगुर, शेंगदाण्याच्या पेंडीचा खवट वास, भाद्रपदातलं दुपारचं ऊन, सगळं जिथल्या तिथं होतं. प्रयोगशाळेतला गडी चुडामण बादली घेऊन उभा होता. ‘दखा सर, यानी ते थुकी टाकं!’ तो हसत म्हणाला, आणि शेजारच्या टाकीकडं बोट केलं. ‘तठला बठ्ठा भुक्या शेतस, अन हाऊ नवाबना पोऱ्या!’ ज्ञानचंदनं मान हलवली, पण हसू काही आलं नाही. गोळी हळूहळू तळाला चालली होती आणि मासा तिच्याकडं पाठ करून कोपऱ्यात जाऊन थांबला होता.

आता यात दचकायचं काय होतं? मासा थुंकणारच होता. त्यानं थुंकावं म्हणूनच तर मघाशी ज्ञानचंदनं त्याच्या पोटात बारीक सुई टोचली होती. अन्न आत गेलं की आतड्याची भिंत रक्तात एक द्रव्य सोडते आणि ते द्रव्य मेंदूला सांगतं, पुरे आता. माशात तेच, माणसात तेच. ते बाहेरून टोचलं तर दोन दिवसांच्या उपाशी माशालाही वाटतं, आपलं जेवण झालंय. सवयीनं तो अन्नापाशी येतो, तोंडातही घेतो, पण गिळत नाही. ज्ञानचंद चार वर्षं याच्याच मागं लागला होता. सोनगीरच्या तळ्यावरून तो रोहूची बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, आणायचा, अर्ध्यांना औषध टोचायचा, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि मग कोण खातं, कोण नाही, ते बघत तासन्‌तास बसायचा. तळ्यात लोक पेंड ओतत राहतात, माशाला भूक नसते, पेंड कुजते, पाणी नासतं. माशाची भूक कशानं जागते नि कशानं झोपते हे कळलं तर केवढा फायदा! शिवाय रोहूची गंमत अशी की त्याला जठरच नसतं, घशापासून पुढं सरळ आतडं. ‘पोट नाही आणि भूक मात्र आहे,’ असं वर्गात म्हटलं की पोरं हसायची, आणि ज्ञानचंद खूश व्हायचा. भुकेतलं आपल्याला बरंच कळतं असं त्याला वाटायला लागलं होतं. वाटेना का, भल्याभल्यांना वाटतं.

पण ती गोळी प्रयोगातली नव्हती. पेंडीच्या गोळ्या संपल्या म्हणून त्यानं पिशवीतला डबा उघडला होता, आणि तो डबा जीजीचा होता. जीजी म्हणजे त्याची आई, राजकुंवरबाई. घर ओसवाल जैनांचं. थोरला भाऊ दीपचंद जळगावच्या दाणाबाजारात धान्याची पेढी चालवायचा. धाकट्यानं प्राणिशास्त्र घेतलं आणि वर मासे निवडले तेव्हा घरात जो काही गहजब झाला होता, विचारू नका. दीपचंदभाऊ तर आठवडाभर बोलला नव्हता. शेवटी जीजीनंच मिटवलं. ‘तो काय मासळ्या मारतो? तो त्यांना खाऊ घालतो,’ असं तिनं एकदा जाहीर केलं आणि पुढं जो भेटेल त्याला तेच सांगत सुटली. माशांसाठी कणकेच्या गोळ्या वळून स्वतःही त्या पुण्याची वाटेकरी झाली. ज्ञानचंद आठवडाभर धुळ्यात खोली करून राहायचा आणि शनिवारी पिंप्राळ्याच्या घरी यायचा. सोमवारी पहाटे तो निघाला की त्याच्या हातात कणकेच्या गोळ्यांचा डबा असायचाच. प्रयोगात त्या चालायच्या नाहीत. म्हणून धुळ्याला उतरला की पांझरेच्या पुलावर थांबून तो डबा नदीत रिकामा करायचा. तिथलेही मासेच की, असं मनाशी म्हणायचा. आज गाडीला उशीर झाला, पूल राहून गेला. म्हणून ती गोळी टाकीत पडली, रोहूनं तोंडात घेतली, गालात धरली, आणि ज्ञानचंदला जीजी दिसली.

पर्युषण सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळची जीजी. दुसऱ्या दिवसापासून तिचे आठ उपवास, अठाई, म्हणून चंचलनं, म्हणजे ज्ञानचंदच्या बायकोनं, शिरा केला होता. उकळून गार केलेल्या पाण्याशिवाय आठ दिवस पोटात काही जायचं नव्हतं, तेही दिवसाउजेडी. ‘पोटभर खाऊन घ्या जीजी,’ चंचल मागं लागली होती. जीजीनं एक घास घेतला, गालात धरला, आणि पदर तोंडाशी नेऊन अलगद तळहातावर काढून घेतला. हात ताटाच्या कडेखाली गेला आणि रिकामा वर आला. ज्ञानचंद समोरच बसला होता. त्यानं बघितलं होतं! बघून त्याला वाटलं होतं, नवी कवळी बसत नसेल, दवाखान्यात एकदा दाखवून आणू. आणि तो पुन्हा आपल्या शिऱ्याकडं वळला होता. आता टाकीच्या काचेला दोन्ही हात टेकून तो उभा राहिला, आणि काच गार होती की त्याचे हात गार पडले होते ते त्याला कळेना. कवळी नव्हती ती. तीच तऱ्हा, तोच क्षणभराचा थांबा, तसंच मान जराशी वळवणं. चार वर्षं तो हेच एक बघायला शिकला होता. दुनियेत दुसरं कुणी बघितलं नसेल इतकं त्यानं हे बघितलं होतं, आणि घरी ताटासमोर ते घडलं तेव्हा शिरा चापत बसला. ‘काय व्हयनं सर?’ चुडामणनं बादली खाली ठेवली. ‘बरं नही शे का?’ ‘मी जळगावला जातो,’ ज्ञानचंद म्हणाला, आणि अंगातला पांढरा कोटही न काढता बाहेर पडला.

कोपऱ्यावरच्या बूथवरून त्यानं पेढीवर फोन लावला. जीजीला खायला द्या, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि त्याचं त्यालाच ते कसंतरी वाटलं. दीपचंदभाऊ तर आनंदात होता. ‘अरे, शाता आहे जीजीला, एकदम सुखशाता! तू कालच बघून गेलास ना? दर्शनाला रीघ लागलीय, ज्ञान. काय तेज आलंय चेहऱ्यावर! आणि उद्या लवकर ये, पत्रिका छापून आल्यात.’ उद्या सकाळी जैन स्थानकात साध्वी महासतीजींच्या व्याख्यानात जीजी एकदम महिन्याच्या उपवासांचा नेम, पचखाण, घेणार होती. मासखमण! अठाई संपली तेव्हा पारण्याला मुगाचं पाणी समोर आलं, तर तिनं वाटी सारून म्हटलं होतं, ‘मला त्रास नाही, पुढं चालवते.’ बायकांनी तिच्या हातावर मेंदी काढली, तपाची गाणी म्हटली, पाया पडल्या. ज्ञानचंदही पडला होता. आजवर एकेक दिवसाचं व्रत होतं, रोज सकाळी नव्यानं घेतलेलं, सोडता येण्यासारखं. उद्या महिन्याचं एकदम घेतलं की संपलं. जीजी प्राण गेला तरी ते मोडणारी नव्हती, आणि प्राण तर जाणारच होता. ‘भाऊ, गिरधर डॉक्टरांना घरी बोलाव,’ एवढंच तो बोलू शकला. ‘कशाला? जीजीला काय झालंय?’ ‘तिला भूक लागत नाही, भाऊ.’ पलीकडं भाऊ मोठ्यानं हसला. ‘वेड्या, तेच तर तप!’

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पारोळा येईपर्यंत त्याला बाहेरचं काहीही दिसलं नाही. कापूस होता, मका होता, मध्येच कुणी बैल धूत होतं, पण ते सगळं डोळ्यांवरून नुसतं सरकून जात होतं, आणि आत एकामागून एक दारं धाडधाड उघडत होती. उन्हाळ्यात जीजीच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. चंचल म्हणाली, मापाच्या आणू, जीजी म्हणाली, राहू दे, हलक्या वाटतात. चंचलनं तिची चोळी आतून शिवून घेतली, मग पुन्हा घेतली. दोन घासांत जीजीचं पोट भरायचं आणि ती उठायची. बघा, या वयात कसा संयम, असं सगळे म्हणायचे. मग एकासणं सुरू झाली, दिवसातून एकदाच जेवायचं, मग एक दिवसाआड उपवास. एकेक पायरी चढावी तशी जीजी वर चालली होती आणि सगळं घर खाली उभं राहून हात जोडत होतं. दुसऱ्या कुणाच्या घरात म्हातारीनं ताट सारलं असतं तर डॉक्टर आला असता. आपल्याकडं पत्रिका छापल्या! ज्ञानचंदला एकदम मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. शेजारी टोपलीत कोंबडी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यानं त्याच्या पांढऱ्या कोटाकडं बघून विचारलं, ‘डागदर शेतस का भाऊ?’ ‘नाही,’ ज्ञानचंद म्हणाला. म्हातारा थोडा सरकून बसला. आणि मग एरंडोलच्या अलीकडं कधीतरी त्याला असोदा आठवला. असोदा जीजीचं माहेर. तिथं ती म्हणे गावभर भुकेसाठी ओळखली जायची. भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत तिला धीर नसायचा. शाळेतून येताना बोरं, चिंचा, कच्च्या शेंगा, काही सुटायचं नाही. त्यांच्या घरात वांगं शिजत नसे, बियांत जीव म्हणून. पण हिवाळ्यात शेजारच्या मंजुळाबाईच्या मळ्यात काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जायची, आणि त्या वासानं ही दहा वर्षांची पोर कुंपणातून घुसून कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरीबरोबर भरीत खाऊन आली होती, बोटं चाटत. हे तिनं उभ्या जन्मात एकट्या ज्ञानचंदला सांगितलं होतं, तो तापानं पडला होता आणि काही खात नव्हता तेव्हा. ‘अशी भूक लागली होती रे,’ ती म्हणाली होती, ‘की धर्मबिर्म काही दिसेना. नुसती भूकच होती, मी नव्हतेच.’ सांगताना तिचे डोळे लकाकले होते. मग लगेच तिनं कान पकडले होते आणि त्या पापाचं काय करू म्हणून स्वतःशीच हसली होती.

पिंप्राळ्याच्या घरासमोर चपलांचा ढीग पडला होता. आत बायका बसल्या होत्या, अगरबत्तीचा धूर होता, आणि मधोमध पाटावर जीजी, पांढऱ्या लुगड्यात, एवढीशी. काल हीच त्याला तेजस्वी दिसली होती. आज गालांची हाडं दिसली, कानशिलांतले खड्डे दिसले, आणि डोळ्यांत पिवळी झाक दिसली. हे काल कुठं होतं? ‘ज्ञान, तू आज कसा?’ जीजी म्हणाली, ‘आणि हा कोट कसला?’ त्यानं बायकांना हात जोडून बाहेर जायला सांगितलं, आणि ते इतक्या विचित्र आवाजात, की कुणी काही विचारलंच नाही. दीपचंदभाऊ गिरधर डॉक्टरांना घेऊन आला होता खरा, पण दारातच पुटपुटत होता, लोक काय म्हणतील, तपस्व्याला डॉक्टर लावला. डॉक्टर गल्लीतलेच, घरच्यासारखे. त्यांनी जीजीला आडवं केलं, पोटावर हात ठेवला, बरगडीखाली दाबलं, आणि त्यांचा हात तिथंच थांबला. ‘इथं दुखतं का आजी?’ ‘दुखत नाही. भरल्यासारखं वाटतं.’ ‘कधीपासून?’ ‘संक्रांतीपासून असेल,’ जीजी सहज म्हणाली, जणू दुधाचा भाव सांगत होती. बाहेर ओसरीवर येऊन डॉक्टरांनी चष्मा पुसला. ‘जठरात गाठ आहे, मोठी वाटते. मुंबईला न्या, तपासतील. पण दीपचंदशेठ, मी उगीच आशा नाही लावणार.’ भाऊनं खांबाला हात लावला आणि हळूहळू खाली बसला. त्याच्या काखेतून पत्रिकांचं पुडकं घसरलं. ‘मी हसलो रे फोनवर,’ तो म्हणाला, आणि एवढा पेढीवरचा माणूस, लहान पोरासारखा तोंड वाकडं करून रडायला लागला.

आत जीजी उठून बसली होती. दिवस कलला होता, खिडकीतून तांबूस ऊन तिच्या मेंदीच्या हातांवर पडलं होतं. ‘काय म्हणाले?’ ज्ञानचंदनं सांगितलं. लपवायचं ठरवून आत गेला होता, पण तिच्या समोर बसला आणि भडाभडा सगळं सांगून मोकळा झाला: गाठ, संक्रांत, शिऱ्याचा घास, आणि टाकीतला मासा. सुई टोचली की उपाशी माशाची भूक कशी जाते, आणि तो तोंडात घेतलेलं कसं सोडून देतो, तेही सांगितलं. ‘तू सुई टोचतोस त्यांना?’ जीजीनं विचारलं. ‘हो.’ ‘मी लोकांना सांगते खाऊ घालतोस म्हणून.’ त्यानं मान खाली घातली. आता ती रागावेल, रडेल, मरणाला घाबरेल, असं त्याला वाटलं. त्याची त्यानं तयारी केली होती. पण जीजी भलत्याच गोष्टीपाशी अडकली होती. तिनं कपाळाला आठ्या घातल्या आणि टाकीतल्या त्या माशाचाच विचार करत असल्यासारखी ती हळू बोलायला लागली. ‘ज्या मासळीला भूकच नाही, तिनं नाही खाल्लं, तर त्याला उपास म्हणायचं का रे?’



‘मग मी काय सोडलं?’ तीच पुढं म्हणाली. ‘इतके दिवस बायका पाया पडल्या माझ्या. मंगलपाठ झाला. मला वाटलं, जिंकली मी भूक. असोद्याची ती भूक, तिला जिंकली. आणि ती तर आधीच गेलेली होती. नसलेल्याशीच लढले की मी!’ गाठीचं ऐकून ती हलली नव्हती, यानं ती मुळापासून हादरली होती. डोळे मोठे झाले होते, तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. म्हातारीचा उभा जन्म कुणी हिसकावून नेला होता, आणि नेणारा तोच होता. ‘तसं नाही जीजी,’ तो म्हणाला. तिनं पटकन त्याचा हात धरला. हाडांचाच हात, पण काय पकड होती! ‘तुझ्याकडं भूक मारायचं औषध आहे ना? मग लागायचं पण असेल.’ ‘आहे एक, पण ते मेंदूत द्यावं लागतं. माशांनाच दिलंय लोकांनी. माणसाला नाही चालत.’ ‘मला दे. जगायला नको देऊ. एक दिवसाची भूक लावून दे. खरी. भरीत खाल्लं त्या दिवशी लागली होती, तशी. मग मी सोडीन. एकच उपास, पण खरा करीन. उद्याचं पचखाण मी नाही घेत, मला खोटं नको. पण तेवढं कर, ज्ञान. तू एवढा शिकलास ना यातलं?’

ज्ञानचंदनं मान हलवून नाही म्हटलं. जीजीनं त्याच्याकडं बघितलं, मग खिडकीकडं. ‘चंचल,’ तिनं हाक मारली, ‘मूग आहेत का गं? आण वाटीभर.’ चंचल डोळे पुसत वाटी घेऊन आली. मऊ शिजलेले मूग, वर तुपाचा ठिपका, जिऱ्याचा वास. पारण्याचे. जीजी कधीही मागेल म्हणून रोज तयार असायचे. जीजीनं वाटी समोर ठेवली, पण उचलली नाही. ताठ बसली आणि वाट बघू लागली. ‘दिवस आहे तोवर बसते,’ ती म्हणाली. ‘वास घेते. भूक आली तर आली, मग सोडीन.’ तिनं डोळे मिटले, नाकपुड्या किंचित हलल्या. ज्ञानचंद तिच्यासमोर बसून राहिला. टाकीसमोर बसायचा तसाच, श्वास रोखून, आता येईल, आता वळेल, आता घेईल. भिंतीवरचं ऊन वर वर सरकत गेलं. बाहेर भाऊचं रडणं थांबलं होतं. खोलीत कशाचाच आवाज नव्हता.

आणि त्या शांततेत ज्ञानचंदच्या पोटात मोठ्यानं गुरगुरलं. लांबलचक, निर्लज्ज. पहाटेच्या चहानंतर त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं आणि त्याला त्याची आठवणही नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी पोट दाबलं, तर ते आणखीच बोललं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. जीजीनं डोळे उघडले. आधी तिला कळलं नाही, मग कळलं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. तिनं हात पुढं करून त्याच्या पोटावर ठेवला, लहानपणी ठेवायची तसा. ‘अशी,’ ती म्हणाली. ‘अगदी अशी बोलायची रे माझी भूक!’ मग खिडकीकडं बघून घाईनं वाटी त्याच्याकडं सरकवली. ‘खा. दिवस बुडेल, लवकर खा.’ ‘जीजी, मला नको.’ ‘खोटं बोलू नको. तुला लागलीय ना? खा, मी बघते.’

त्यानं पहिला घास घेतला. त्याला वाटलं होतं, गिळवणार नाही, गालात राहील, बाहेर येईल. पण जीभ लगेच हलली, घसा आपोआप खाली झाला, आणि तो हबकला तो यानंच, की मूग चांगले लागत होते. मीठ नेमकं होतं. तूप गरम होतं. आईच्या पोटातली गाठ ऐकून अजून दिवसही बुडाला नव्हता, आणि त्याचं शरीर हावरटासारखं पुढचा घास मागत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो खात होता. जीजी पुढं झुकली होती. त्याचा घास हातातून तोंडाशी जाताना ती बघत होती, चावताना बघत होती, गिळताना तिचा स्वतःचा गळा हलत होता. ‘कशी लागते, सांग ना,’ ती म्हणाली. ‘मी विसरले.’ ज्ञानचंद खात राहिला. वाटी संपली, त्यानं बोटानं कडा पुसून घेतल्या, ते बोट चाटलं, आणि मग रिकामी वाटी तिच्यापुढं धरली.

‘अजून दे,’ तो म्हणाला.